तात्यांच्या ताटातलं भरीत

हाजरा रोड, कलकत्ता
१८ नोव्हेंबर १९५४

ती. प्रेमलतावन्सं यांना शकुनचा वाकून नमस्कार.

तुमचं कार्ड काल मिळालं. त्यावर तुम्ही काळजी इतकी दाटीवाटीनं लिहिली होती की पत्त्याला जागाच उरली नव्हती. पोस्टमनने ते तीन घरं हिंडवून आमच्याकडे आणलं.

तात्या सुखरूप आले. प्रयाग, काशी, गया करून आलेला माणूस, म्हणून हे हावडा स्टेशनवर डोलीबिली बघत होते. तात्या उतरले ते स्वतःची वळकटी स्वतःच्या खांद्यावर टाकून. हातात काशीहून सांभाळून आणलेला गंगेचा गडू. यांनी म्हटलं, "अहो तात्या, हा पूल आहे ना, त्याच्याखाली गंगाच आहे." तात्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "असेल. पण ही मला न विचारता आली. गडूतली मी आणली."

तब्येत ठीक आहे. सर्व्हे खात्यात जन्म गेल्यामुळे गाव मापल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. रोज एका ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन येतात आणि संध्याकाळी मला नकाशा काढून दाखवतात. एकच चिंता आहे, ती तुम्हाला नाही तर कुणाला सांगू? जेवण चिमणीएवढं. दोन घास खाल्ले की "पुरे गं पोरी" म्हणून हात धुतात.

वन्सं, माझे वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होते. हे महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर असतात. मला "पोरी" म्हणणारं माणूस घरात पहिल्यांदाच आलंय. संक्रांतीपर्यंत तात्यांना इथलं मानवलं तर ठेवायचे, नाहीतर तुम्ही पुन्हा जळगावला घेऊन जाणार असं आपलं ठरलंय. मला त्यांना पाठवायचं नाहीये, स्पष्टच सांगते. तर त्यांच्या आवडीचं काय करू ते लवकर कळवा. मात्र एक लक्षात घ्या. आमच्या घरमालकांनी वरच्या मजल्यावर कोळसा पेटवायला बंदी केलीय, भिंती काळ्या होतात म्हणून. माझा सगळा संसार एका स्टोव्हवर चालतो.

तुमची,
शकुन


बळीराम पेठ, जळगाव
२५ नोव्हेंबर १९५४

चि. सौ. शकुन हिला प्रेमलताचे आशीर्वाद.

अगं वेडे, काय करू म्हणून काय विचारतेस? भरीत! खानदेशातला माणूस, हिवाळ्याचे दिवस, आणि घरात वांगं भाजल्याचा वास नाही. मग तो चिमणीएवढंच खाणार. आई होती तोवर थंडी पडली की तात्यांच्या ताटात एक दिवसाआड भरीत असायचं. ती गेल्यावर वर्षभर सुतक पाळल्यासारखं कुणी नाव काढलं नाही. आता वर्षश्राद्ध झालं, गया झाली. आता त्यांना कुणीतरी आग्रह करून खाऊ घालायला हवं, आणि ते काम सुनेचं.

पण स्टोव्हवर भाजशील तर खबरदार! रॉकेलच्या वासाचं भरीत तात्या तोंडात धरायचे नाहीत. लोणारी, म्हणजे लाकडाचा, कोळसा आण. एखादी उचलून नेता येईल अशी लहान शेगडी घे आणि घराबाहेर काढ. मालकाच्या भिंती भिंतींच्या जागी, आपण आपल्या जागी. तसंही भरीत ही घरात बसून खायची वस्तूच नव्हे. शेतात, मोकळ्यावर, वाऱ्यात खायची. वांग्याला तेलाचं बोट फिरव, सुरीनं टोचून आत लसणाच्या पाकळ्या सार, साल पार काळी होऊन पाणी सुटेपर्यंत हलवू नकोस. सोलून लगेच ठेच. वाटायची यंत्रंबिंत्रं असल्या साहेबी गोष्टी तुमच्या कलकत्त्यात असतील, त्यात घालू नकोस.

आणि हो, कारलं चुकूनही करू नकोस. गयेला प्रत्येकाला एक फळ नाहीतर भाजी जन्माची सोडावी लागते. मी तात्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, "कारलं सोडा, तसंही तुम्ही त्याला शिवत नाही." आमच्या सासूबाईंनी भक्तीच्या भरात आंबा सोडला आणि मग दर वैशाखात घरादाराला छळलं.

श्यामूला सांग, दौरे कमी कर.

तुझी वन्सं


हाजरा रोड, कलकत्ता
९ डिसेंबर १९५४

ती. वन्सं,

नमस्कार पोचवून थेट मुद्द्यावर येते. शेगडी आली!

आमच्या खालच्या मजल्यावर कालिंदीबाई राहतात. मुलींच्या शाळेत शिकवतात. त्यांचे आजोबा इथे आले, त्यामुळे त्यांचा जन्म इथलाच. मराठी बोलता बोलता बंगालीत उतरतात आणि परत वर यायचं विसरतात. त्या मला कालीघाटच्या बाजारात घेऊन गेल्या. इथे 'तोला उनून' म्हणून मिळतं. लहानशी बादली, आतून माती लिंपलेली, मध्ये जाळी, खाली वाऱ्याला तोंड आणि वर उचलायला कडी. पेटवायची बाहेर आणि धूर गेला की कडीला धरून न्यायची पाहिजे तिथे. इतकी गोड वस्तू आहे की पहिले दोन दिवस मी ती नुसतीच उचलून इकडून तिकडे नेत होते.

पहिल्या दिवशी करायला गेले गणपती आणि झाला मारुती. दुकानदाराने कोळसा म्हणून गुल दिले. गुल म्हणजे कोळशाच्या भुकटीचे गोळे. मला काय कळतंय! कालिंदीबाईंच्या अंगणात पेटवले, वर वांगं ठेवलं. त्या वांग्याला असा काही वास आला की जसं काही ते इंजिनात बसून आलं होतं. ते कावळ्यांनीही घेतलं नाही.

मग लोणारी कोळसा शोधून आणला आणि रविवारी तुमच्या हुकुमाप्रमाणे मोकळ्यावर, म्हणजे ढाकुरियाच्या तळ्यावर गेलो. हे, तात्या, मी, कालिंदीबाई आणि शेगडी. वांगं जाळीवर ठेवायचा अवकाश, सकाळी फिरायला आलेले सगळे बाबू गोळा झाले. एक म्हणाले, सरसूचं, म्हणजे मोहरीचं, तेल लावा. दुसरे म्हणाले, सरसूचं लावायचं, पण भाजून झाल्यावर. यावर त्या दोघांचंच इतकं जुंपलं की तिसरे माझ्या हातातला पंखा घेऊन स्वतःच वारा घालायला लागले. तात्या बाकावर बसून हसत होते. कित्येक दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

भरीत सुरेख झालं. तात्यांनी आवडीनं खाल्लं, दुसऱ्यांदा मागून घेतलं. काळजी नसावी.

तुमची,
शकुन


जळगाव
१७ डिसेंबर १९५४

चि. सौ. शकुन,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. बघ, मी म्हटलं नव्हतं? हे घरात म्हणतात, "तू इथे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस." म्हटलं, हाकते, आणि शेळ्या बरोबर गोठ्यात जातात.

पण तुमच्या तिकडच्या जांभळ्या वांग्यात काही राम नाही. आपली बामणोदची हिरवी-पांढरी, हातभर वांगी हवीत. माझे धाकटे दीर जयप्रकाश, भुसावळला रेल्वेत आहेत ते, पुढच्या आठवड्यात कामासाठी कलकत्त्याला येताहेत. त्यांच्याबरोबर करंडी पाठवते. सोबत कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठही आहे. भाकरी थापताना पाणी कोमट घे. जयप्रकाशना एक वेळ जेवायला ठेवून घे. माणूस भिडस्त आहे, ताटात पडेल ते खातो.

तात्यांना सांग, तुमच्या लेकीनं वांगी स्वतः निवडून पाठवलीत, एकही किडकं नाही.

तुझी वन्सं


हाजरा रोड, कलकत्ता
२८ डिसेंबर १९५४

ती. वन्सं,

फत्ते! फत्ते! फत्ते!

करंडी आली, जयप्रकाशभाऊजी आले. वांगी काय हो ती! कालिंदीबाईंनी एक मांडीवर घेऊन बाळासारखं थोपटलं. अंगणात शेगडी मांडली. वारा पडला होता म्हणून आळीपाळीनं पंखा घातला. हे खोकले, मी रडले, भाऊजींच्या शर्टाला ठिणगीनं भोक पडलं. पण भरीत असं झालं की सांगता सोय नाही. भाऊजी आणि तात्या शेजारी शेजारी बसले होते. मी भाकऱ्या आणायला वळले आणि परत येऊन बघते तर तात्यांचं ताट लख्ख! बोटभर भरीत शिल्लक नव्हतं.

आता एक गुपित सांगते, रागावू नका. तळ्यावर तात्यांनी भरीत खाल्लं नव्हतं. "पोट जड आहे" म्हणाले आणि नुसती भाकरी कुरतडली. मी तुम्हाला उगाच छान छान लिहिलं. पण आता सगळं छानच झालंय, तेव्हा त्या खोट्याचं खरं झालं म्हणायचं. त्या रात्री मी इतकी आनंदात होते की यांना म्हटलं, आता तात्या कुठे जात नाहीत.

शकुन


जळगाव
३ जानेवारी १९५५

शकुन,

तुझं पत्र आणि जयप्रकाश एकाच दिवशी घरात आले. आधी तुझं पत्र वाचलं आणि देवापुढे साखर ठेवली. मग जयप्रकाश बसले आणि म्हणाले, "वहिनी, जरा ओवा द्या."

विचारलं, काय झालं? तर भिडस्त माणूस, आधी सांगेनाच. खोदून खोदून विचारल्यावर कळलं. तू भाकऱ्या आणायला वळलीस आणि तात्यांनी आपल्या ताटातलं सगळं भरीत उचलून त्यांच्या ताटात लोटलं. वर डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा. दोन माणसांचं भरीत एकट्यानं खाऊन ते बिचारे नागपूरपर्यंत गाडीत उभे राहून आले.

तात्यांचं ताट लख्ख! वा गं सूनबाई!

मला राग कशाचा आलाय सांगू? ज्या माणसानं आयुष्यभर भरीत बोटं चाटून खाल्लं, त्याला तुझ्या घरात चोरासारखं लपवावं लागतंय. त्यांना तिथे करमत नाही, अन्न गोड लागत नाही, आणि तुझ्या तोंडावर बोलवत नाही. मी काय समजायचं ते समजले. तू पहिल्यांदा खोटं लिहिलंस, तेव्हाच सगळं समजायला हवं होतं. चांगला घास करता येत नाही हा काही गुन्हा नाही. पण हौसेपायी म्हाताऱ्याला उपाशी ठेवणं बरं नव्हे.

जयप्रकाशना जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला पुन्हा हावड्याला यायचंय. परतताना ते तात्यांना बरोबर आणतील. सामान बांधून ठेव.

प्रेमलता


हाजरा रोड, कलकत्ता
८ जानेवारी १९५५

ती. वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात दार लावून बसले. तात्यांनी बाहेरून विचारलं, "पोरी, काय झालं?" म्हटलं, धूर गेला डोळ्यांत. ते म्हणाले, "स्टोव्हचा?"

तुम्ही म्हणता तशी मी खोटारडी आहे, एका पत्रापुरती. पण मी त्यांना उपाशी ठेवते हे म्हणू नका हो. वरण-भात खातात, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी खातात, मुळ्याची कोशिंबीर मागून घेतात. पूर्वीपेक्षा चांगले जेवतात. संध्याकाळी मला पेपर वाचून दाखवतात, त्यात स्वतःच्या पदरच्या दोन बातम्या घालतात आणि मी ओळखते की नाही ते बघतात. ज्याला करमत नाही तो माणूस असं करेल का? भरतापाशीच काहीतरी अडतंय. विचारलं तर विषय बदलून ट्रॅमवर जातात.

सामान मी बांधणार नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्या शब्दाबाहेर जायची नाही. पण मला एक संधी द्या. संक्रांतीनंतरच्या रविवारी, सोळा तारखेला, बजबजला जायचं ठरतंय. कालिंदीबाईंच्या ओळखीच्या एका बंगाली कुटुंबाची तिथे गंगेकाठी बाग आहे. इथली चार मराठी घरं मिळून जाऊ. तुमच्या करंडीतली वांगी संपली, पण तशीच हिरवी-पांढरी मी इथल्या बाजारात हुडकून आणते. तिथे नदीवर वारा आहे, मोकळं आहे, शेतासारखंच. तिथेही तात्यांनी खाल्लं नाही, तर अठ्ठावीसला मी स्वतः त्यांना स्टेशनवर पोचवीन आणि तुम्हाला परत कधी भरतावर अक्षर लिहिणार नाही.

शकुन


जळगाव
१२ जानेवारी १९५५

चि. शकुन,

ठीक आहे. सोळा तारीख. लसूण जास्त घाल.

तिळगूळ वेगळा पाठवलाय. गोड बोल म्हणून मी तुला सांगणार नाही, तू जरा जास्तच गोड लिहितेस.

प्रेमलता


हाजरा रोड, कलकत्ता
१८ जानेवारी १९५५

ती. वन्सं,

हे पत्र बसून वाचा. जवळ कुणी असेल तर त्यांना जरा बाहेर पाठवा.

बालीगंजहून गाडी धरली. यांच्या एका हातात शेगडी, दुसऱ्यात कोळशाची पिशवी. तिकीट तपासनीस म्हणाला, "बजबजला तेलाच्या टाक्या आहेत, बाबू, आणि तुम्ही चूल घेऊन निघालात?" तात्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "टाक्यांचा सर्व्हे करून मगच पेटवू." सगळा डबा हसला. मी वांग्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत होते.

बाग छान होती. खाली नदी, पलीकडे गिरण्यांची धुराडी, मधून पडावांची ये-जा. वारा असा मोकळा की पंख्याला हात लावावा लागला नाही. निखारे लालभडक झाले. मी वांगी ठेवली, तुम्ही लिहिलंत तसं एकदाही हलवलं नाही. साली काळ्या झाल्या, पाणी सुटलं, लसणाचा वास सगळ्या बागेभर झाला. हातानं सोलली, खलबत्त्यात ठेचली, वर मिरचीची फोडणी. वन्सं, मी उगाच नाही सांगत, ते भरीत तुमच्या घरी शोभलं असतं.

पहिलं पान तात्यांचं. सगळे जण बघत होते. तात्यांनी पानाकडे पाहिलं, पाहतच राहिले. मग पान बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, इकडे ये. बस."

"मी वांगं सोडलंय," ते म्हणाले. "गयेला. अक्षयवटाखाली."

हे म्हणाले, "पण तात्या, तुम्ही तर कारलं..."

"कारलं सोडायला गयेला कशाला जावं लागतंय? ते मी जन्मल्याबरोबर सोडलंय."

सगळे हसले. मी हसले नाही, कारण तात्या माझ्या हातांकडे बघत होते. ते हळू आवाजात सांगत गेले. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला काय सोसत नाही? आणि त्या म्हणाल्या, "वांगं. पहिल्यापासून. खाल्लं की तोंडाला खाज सुटते, सोललं की हातांवर गांधी उठतात." तात्या तिथेच खुर्चीवर बसले होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, मग कधी बोलली का नाहीस? सगळा जन्म माझ्यासाठी भाजत राहिलीस?" तर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कुठे?"

रागानं नाही म्हणाल्या हो. सहज म्हणाल्या. तात्या म्हणाले, रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"तुला सांगितलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "आणि तू पोरी, शेगडी कडेवर घेऊन इतकी नाचत होतीस, की माझी जीभ उचलेना. आज मात्र वाटलं, हिच्याही हातांना चटके बसताहेत आणि मी पुन्हा गप्प बसलोय."

माझ्या डोळ्यांतून पाणी खळेना. कालिंदीबाई बंगालीत रडत होत्या. हे नदीकडे तोंड करून उभे होते. मग तात्याच उठले, सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि म्हणाले, "मी सोडलंय, तुम्ही नाही. हे थंड झालं तर प्रेमा मला जळगावहून शिव्या घालेल. वाढा!" उरलेली वांगी त्यांनीच भाजली. कुणाला साल राहिलेलं चालतं, कुणाला तिखट नको, असं विचारून विचारून प्रत्येकाच्या पानात वाढलं. त्यांनी स्वतः भाकरी, ठेचा आणि दही खाल्लं, आणि पोटभर खाल्लं. भाकऱ्या मोजायच्या मी विसरले.

परतीच्या गाडीत ते माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "सूनबाई, तुला काय आवडत नाही?" म्हटलं, काही नाही, मला सगळं आवडतं. "खरं सांग." वन्सं, मला आठवेचना, हे मला कुणी कधी विचारलंय का. आईनं नाही, यांनी नाही. मग माझ्या तोंडून निघालं, "साबुदाणा. तोंडात घातला की चिकट लागतो, गिळवत नाही." आणि दर गुरुवारी त्यांच्यासाठी मी तोच भिजवते! तात्या इतक्या मोठ्यानं हसले की समोरचा माणूस जागा झाला. म्हणाले, "येत्या गुरुवारी मी अंगणात शेगडीवर रताळी भाजतो, तू फक्त बसून खा."

वन्सं, तुम्हाला माहीत होतं का हो, सासूबाईंचं? विचारू नये, पण राहवत नाही.

अठ्ठावीस तारीख जवळ आली. मी तात्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? तर म्हणाले, "प्रेमाला हे सगळं तूच लिही, मला लिहवत नाही. ती म्हणेल तसं करू." मी शब्द दिला होता, त्यांनी खाल्लं नाही तर पोचवीन म्हणून. त्यांनी खाल्लं तर नाहीच. तुम्ही म्हणाल तर पोचवते. पण वन्सं, मला ते हवे आहेत. याहून सरळ मला लिहिता येत नाही.

तुमची,
शकुन


जळगाव
२३ जानेवारी १९५५

चि. सौ. शकुन,

तुझं पत्र वाचलं. हे म्हणाले, "काय लिहिलंय? डोळे का पुसतेस?" म्हटलं, कांदा चिरतेय. हातात कांदा नव्हता. ते तसे बघणारे नाहीत.

तू मला विचारलंस, माहीत होतं का. होतं.

मी परकरी पोर होते. आईबरोबर वांगी सोलायला बसले आणि माझ्याही हातांवर गांधी उठल्या. रडत तिच्याकडे गेले. तिनं आपले हात पुढे केले, तसेच लाल. दोघींच्या हातांना खोबरेल लावलं आणि म्हणाली, "तात्यांना बोलू नकोस हं. ते खायचे थांबतील." मी नाही बोलले. पुढे लग्न होऊन इथे आले, तर इथेही सगळे भरताचे भोक्ते. इथेही नाही बोलले. हिवाळाभर भाजते, सोलते, ठेचते आणि रात्री खोबरेल लावून झोपते. तुला इतक्या तोऱ्यात जे जे शिकवलं ना, ते सगळं या हातांनी शिकवलं. तुझी करंडीसुद्धा याच हातांनी भरली. मला वाटायचं, बाईच्या जातीनं एवढं तर करायचंच असतं, त्यात काय सांगायचं! तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, की सांगायचं होतं.

तुला मी नको ते बोलले. तू सुगरण आहेस की नाही मला माहीत नाही, पण माणसाला बोलतं केलंस. ते मला इतक्या वर्षांत जमलं नाही.

तात्या तिथेच राहतील. माझ्या मनातलं सांगू? तात्या तिकडे गेल्यापासून हे घर मला खायला उठतं, म्हणून मी त्यांना ओढत होते. वांग्याचं नुसतं निमित्त होतं.

जयप्रकाश अठ्ठावीसला हावड्याला येताहेत. त्यांच्याबरोबर मी येते. न्यायला नाही, आठ दिवस राहायला. तात्यांना माझ्या हातांचं एक अक्षर सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे. श्यामूलाही नाही. तू एवढंच कर. एक दिवस आम्हा दोघांना कुठेतरी उघड्यावर शेगडीपाशी बसव, रताळी भाजायला सांग, आणि तू काहीतरी आणायच्या निमित्तानं लांब जा. तुला गाडीत विचारलं तसं ते मलाही विचारतील, मग मी सांगेन. आपण होऊन नाही सांगणार.

विचारतील ना गं ते मला?

प्रेमलता